नाड्याचा वळ

अकोल्याच्या रुग्णालयात, डॉक्टरांच्या टेबलासमोर, मी माझ्या मोठ्या बहिणीविषयी खोटे बोललो. ती शेजारच्याच स्टुलावर बसली होती. तिने ते ऐकले आणि मान खाली घालून मान्यही केले. तिच्या त्या कबुलीच्या आडोशाला मी पुढे कित्येक महिने सुखरूप राहिलो. घरात, नातेवाइकांत, सहकाऱ्यांत. पत्नीलाही मी खरे सांगितले नव्हते.

ताई मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात राहते. मी अमरावतीला महाविद्यालयात शिकवतो. भाऊजी गेल्यापासून शेती तिचा मुलगा पाहतो. पण कपाशी फुटली की ताई तरीही बायांबरोबर वेचायला जात असे. वेचणीच्या वेळी आमच्याकडे बाया जुन्या लुगड्याचा फडका कमरेला झोळीसारखा बांधतात. वेचलेला कापूस त्यात साठत जातो आणि झोळी रिकामी करेपर्यंत तिचा सगळा भार परकराच्या नाड्यावर येतो. म्हणून नाडा करकचून आवळायचा. सैल नाड्याची बाई गबाळी, असे आमची आई म्हणे. वर्षानुवर्षांच्या या आवळण्याने कमरेभोवती काळा वळ पडतो. तो सगळ्याच जणींना असल्यामुळे त्याची कोणी दखल घेत नाही.

माझ्या मुलीच्या साखरपुड्यासाठी ताई अमरावतीला आली होती. सकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा ती पाठमोरी उभी राहून मेथी निवडत होती. वळून न पाहता म्हणाली,

"बापू, एखांदी बाई-डॉक्टर हाय का रे तुह्या वयखीची?"

"पाहावं लागेल. का गं?"

"नाड्यापाशी जखम झाली. भरूनच नाही राहिली. दिवाईपासून हाय."

"मग नाडा ढिला बांध ना."

"ढिला बांधून पाह्यला. खाज सुटते, पानी येते. एक डाव दाखवून देऊ, असं वाटते."

"बरं. कार्यक्रम आटपू दे."

कार्यक्रम आटोपला. ताईने पुन्हा विचारले नाही, पण निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पिशवी भरताना तिने माझ्याकडे एकदा पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला होता. मी उठून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "नायट्यावर काहीतरी द्या." दुकानदाराने कोणाला, कुठे, किती दिवसांपासून, असे काही विचारले नाही. मीही सांगितले नाही. जखम त्याने पाहिलेली नव्हती आणि मीही. तरी आम्ही दोघांनी मिळून तिच्यावर औषध ठरवले, मलमाची एक ट्यूब.

मला वेळ नव्हता, असे मी स्वतःला सांगत राहिलो. ते खरे नव्हते. मला लाज वाटली. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीपाशी उभे राहून, काय होते, कुठे होते, हे मला माझ्या बहिणीच्या वतीने सांगावे लागले असते. बहिणीच्या कमरेचा उल्लेख परक्या माणसासमोर करायचा, ही कल्पनाच मला सहन होईना. जिने मला कडेवर वागवले तिची कमर मला उच्चारता येत नव्हती. पत्नीला सांगून मोकळे होता आले असते, पण तेवढेही मी केले नाही.

ट्यूबने खाज थांबली. ताईचा फोन आला, "बरं वाटून राह्यलं बापू." मला आपणच निदान केल्याचे समाधान झाले. ती मलमे खाज दाबतात आणि आतला विकार झाकून ठेवतात, हे मला फार उशिरा समजले. त्या वर्षी मी दुसरी ट्यूब पाठवली, मग तिसरी.

पुढच्या वेचणीचे दिवस संपत आले होते, तेव्हा ताईने फोनवर एक वाक्य उच्चारले. ते मला शब्दशः आठवते. "बापू, जखमीचे काठ जाड झाले रे. बोटाले कडक लागते."

आज ते वाक्य कोणाच्याही तोंडून ऐकले तर मी हातातले काम टाकून धावेन. तेव्हा म्हणालो, "परीक्षा संपू दे, मग नेतोच." परीक्षा संपल्या. उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. मग प्रवेश सुरू झाले. महाविद्यालयात कोणते ना कोणते काम बारमाही असते आणि त्याच्याआड लपणाऱ्याला जागा कधी कमी पडत नाही.

शेवटी ताईच्या सुनेचा फोन आला. "मामाजी, आईच्या परकराले रक्त लागून रायते. धुतानी पायलं मी. आता वासबी येते. कोनी म्हने हयद लावा, कोनी म्हने निंबाचा पाला बांधा. तुमी या बाप्पा."

दुसऱ्या दिवशी आम्ही ताईला अकोल्याला नेले. तपासायला वेळ लागला. बाहेरच्या बाकावर मी भाच्याशी पिकापाण्याच्या गोष्टी बोलत होतो, हे आठवले की स्वतःचाच राग येतो. मग डॉक्टरबाईंनी सगळ्यांना आत बोलावले. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या असाव्यात. हातमोजे काढत त्यांनी विचारले, "किती दिवसांपासून आहे हे?"

"दीड-दोन वर्षं झाली असतील," सून म्हणाली.

"आणि आज आणलंत? एवढे दिवस काय करत होतात तुम्ही?"

प्रश्न सगळ्यांना होता. उत्तर एकट्या माझ्यापाशी होते. मी म्हणालो, "मॅडम, हिने कोणाला सांगितलंच नाही हो. खेड्यातल्या बाया. दुखणं लपवतात."

ताईने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मी कदाचित तिथेच सुधारलो असतो. पण ती, लहानपणी मी शाळेत मार खाऊन आलो की पाही, तशी पाहत होती. मग फरशीकडे पाहत म्हणाली, "हो मॅडम. लाज वाटे मले."

डॉक्टरबाई तिच्यावर रागावल्या. जिवापेक्षा लाज मोठी का, घरात एवढी शिकलेली माणसे असताना बोलायला काय झाले होते, असे बरेच काही बोलल्या. ताई ऐकत राहिली. मी तिच्या पिशवीचा बंद हातात धरून उभा होतो.

जखमेचा तुकडा काढून तपासायचा ठरला, तेव्हा भाचा अडून बसला. "तुकडा काहाडला का पसरते म्हन्तात मामा. पारावर समदे सांगतात."

"तपासल्यानं पसरत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "न तपासता घरी बसल्यानं पसरतं. ते झालंच आहे."

अहवाल आला. त्वचेचा कर्करोग. माझी समजूत अशी होती की हा गोऱ्या कातडीच्या लोकांचा, समुद्रकिनारी उन्हात पडणाऱ्यांचा आजार. डॉक्टरबाईंनी कागदावर कमरेचा वळ काढून दाखवला. एकाच जागी कातडी वर्षानुवर्षे घासली जाते. आधी ती काळी पडते, मग कुठे पांढरी, मग चिरते, मग जखम होते. आणि अशा न भरणाऱ्या जखमेतून क्वचित हा रोग उगवतो. भाजल्याच्या जुन्या व्रणातही उगवू शकतो. महिनाभरात न भरलेली जखम, जाड होत जाणारे काठ, जरा लागताच येणारे रक्त, वाढणारा किंवा रंग बदलणारा तीळ, तळपायावर पसरणारा काळा डाग. यांतले काहीही दिसले तर ट्यूब नाही, डॉक्टर. त्या "ट्यूब" म्हणाल्या तेव्हा सुनेने नकळत माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर वळवली.

ताईच्या जांघेत एक गाठही लागत होती. रोग तिथवर पोचला असेल तर गोष्ट अवघड होती. त्या अहवालाची वाट पाहण्याचे दिवस मी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही, कारण ते ताईने काढले होते. गाठ नुसत्या सुजेची निघाली. शस्त्रक्रियेत कमरेच्या डाव्या बाजूचा मोठा भाग काढून मांडीची कातडी तिथे लावली. डॉक्टरबाई म्हणाल्या, नशीब चांगले. पण तपासणीला नियमाने यायचे, वर्षानुवर्षे. सगळ्यांनी हुश्श केले. मला ते 'नशीब चांगले' खटकत राहिले, कारण त्यात माझीही सोय होत होती. काही बिघडले नाही, मग कशाला जुने उकरायचे?

पण बिघडले होते. ताईला आता कमरेला काही बांधता येत नाही. जिने जन्मभर डोईवरचा पदर ढळू दिला नाही, ती घरात सैल गाऊन घालून वावरते आणि कोणी आले की अंगावर चादर ओढून घेते.

गेल्या महिन्यात मी तिला भेटायला गेलो. दुपारी गल्लीतल्या बाया आल्या होत्या. मी दाराशी खुर्चीवर बसलो. त्यांच्यातली एक थोराड, तोंडाळ बाई चादरीआडचा गाऊन पाहून म्हणाली, "अवो, तुमी त नवी नवरी दिसून राह्यल्या! आता हनिमूनले जासान का?"

सगळ्या हसल्या. ताईही हसली. मग तीच बाई म्हणाली, "पन काहून लपवलं वो तुमी? पोराले नाही त नाही, भावाले त सांगाचं! अमरावतीले एवढा शिकला-सवरला भाऊ. त्यानं काय नेलं नसतं?"

"चुकलंच माय माह्यं," ताई म्हणाली. ते तिने इतक्या सहज म्हटले की किती जणींसमोर, किती वेळा म्हटले असेल ते मला कळले.

"आपली बायायची जातच तशी," दुसरी म्हणाली. "मरू, पन बोलू नाही."

कोपऱ्यात एक किरकोळ बांध्याची बाई बसली होती. बोलणे चालू असताना तिचा हात दोनदा कमरेच्या डाव्या बाजूला गेला आणि दोन्ही वेळा तिने तो पदराखाली ओढून घेतला. तोंडाळ बाईने ते पाहिले. "कावो, तुले काय झालं?"

"काही नाही. खाजते जरासी. नाड्याचा काया वय हाय, समद्यायलेच रायते."

"सांग मंग घरी."

"सांगून काय होते?" ती म्हणाली.

मी डॉक्टरांसमोर जे बोललो होतो ते या गल्लीपर्यंत येऊन पोचले होते. बायांना त्यातून एवढेच कळत होते की ताई वेडी, तिने सांगितले नाही. सांगितल्यावर काय झाले, हे एकट्या ताईलाच ठाऊक होते आणि ती माझ्यासाठी गप्प होती.

मी उभा राहिलो. माझा आवाज मुळात बारीक. वर्गातही मागच्या बाकांवर पोचत नाही. मी काहीतरी म्हणालो. तोंडाळ बाईने कानाशी हात नेला. "काय म्हन्ता जी?"

ताईला कळले होते. ती घाईने म्हणाली, "काही नाही वो. बापू, तू बस. सूनबाई, मामाजीले चहा दे."

"चहा नको," मी म्हणालो. मग त्या कोपऱ्यातल्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात, मी कित्येक वर्षांपूर्वी मागे टाकलेल्या माझ्या घरच्या बोलीत, बोललो.

"ताईनं लपवलं नाही जी. मले सांगतलं होतं. जखम भरत नाही म्हने, काठ कडक झाले म्हने, बाई-डॉक्टरले दाखव म्हने. मीच नेलं नाही. मलेच लाज वाटली. ट्यूबा देत राह्यलो. अन् डॉक्टरीनबाईनं इचारलं तवा मीच खोटं बोललो, हिच्यासमोर." ताई चादरीचा काठ मुठीत धरून माझ्याकडे पाहत होती. "ताई, तू येळेवर सांगतलं होतं. तुह्यं काही चुकलं नव्हतं, माह्यं चुकलं. मले माफ कर."