शिंप्याचा हेवा

आमचे हे टेबलाशी बसून एका जुन्या फोटोवरची धूळ रुमालाने हळुवार पुसत होते. फोटोतला शिंपी कधीच मेला. गावातल्या तीन जुन्या खुनांचा संशय त्याच्यावर होता, पण उलगडा झालाच नाही.

"कात्रीला रक्त होतं म्हणे," हे म्हणाले, "पण बोट कापलं असेल बिचाऱ्याचं. त्याला कोणी विचारलंच नाही."

मी ताक पुढे ठेवलं. एक घोट घेऊन म्हणाले, "आंबट आहे. दही बाहेर विसरलीस."

विसरले नव्हते. सकाळपासून फ्रिजच बंद पडलाय. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला असं एक 'असेल' आल्याचं आठवत नाही. रुमाल पुन्हा फोटोवर फिरू लागला.

तीन खुनांचा संशय असलेल्या त्या माणसाचा मला हेवा वाटतो. त्याची बाजू घेणारं माझ्या घरात कोणीतरी आहे.