वरच्या फोल्डरचा मालक

माझी ताई एका जागी बसत नाही. ऑफिसात तिला सगळे भिंगरी म्हणतात, तेही तोंडावर. चहा उभ्यानं, फोन येरझाऱ्या घालत. तिच्या बुडाखाली खुर्ची नुसती नावाला, असं मी म्हणतो. धाकटा भाऊ असल्यामुळे माझं ते खपतं. शिवाय तिनं लिहिलेल्यातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो.

आम्ही कोड लिहायचा एडिटर बनवतो. केलेल्या बदलांची नोंद ठेवणारी निरनिराळी प्लगिनं, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, त्यात असतात. कुठला प्रकल्प कुठल्या प्लगिनला जोडायचा, हे ताईचं खातं. प्रकल्प उघडला की एडिटर त्याच्या फोल्डरमध्ये नोंदींची पेटी शोधतो. तिथे नसेल तर वरच्या फोल्डरमध्ये, मग त्याच्याही वर. सापडली की गुपचूप जोडून मोकळा.

हे ‘वर चढणं’ ताईचंच, पण गेले कित्येक दिवस तेच तिला खात होतं. "न विचारता जोडतो म्हणजे काय? लोकांना कळतही नाही आपली नोंद कुठे जाते ते," ती म्हणायची आणि उठून खिडकीपर्यंत जाऊन यायची. नव्या आवृत्तीत ते काढून टाकायचं तिनं ठरवलं होतं.

त्या दुपारी ती ते काढतच होती, तेवढ्यात भाचीचा फोन आला. संध्याकाळी कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प द्यायचा होता. डेस्कटॉप आवरताना जुनी प्रत समजून तिनं खरा फोल्डरच उडवला, वर कचरापेटीही रिकामी केली. प्रत बाहेर कुठे पाठवलीच नव्हती. वर्ष वाया जाणार होतं.

आम्ही तसेच घरी धावलो. भाची रडून रडून लाल झाली होती. कॉम्प्युटर भाऊजींचा, ते गेल्यापासून तीच वापरते. ताई खोलीभर फिरू लागली. पेटी प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच असते, म्हणजे फोल्डरबरोबर नोंदीही गेल्या, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"पहिल्या दिवशी पेटी तूच बनवलीस ना?" ताईनं विचारलं.

"नाही. प्लगिन आपोआप जोडलेलं आलं. मी नुसतं रोज नोंदीचं बटण दाबायचे."

ताई चालता चालता थांबली. "आपोआप?"

मग ती खुर्ची ओढून बसली. तिला असं बसलेलं पाहून मलाच उभं राहावंसं वाटलं.

भाऊजी हिशेबनीस. ताईच्या तोंडून नोंदींचं महत्त्व ऐकून ऐकून त्यांनी एकदा याच कॉम्प्युटरवर हौसेनं पेटी बनवली होती, पण एका कामासाठी नव्हे, सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये. ताईनं त्यांची यथेच्छ टर उडवली होती, "खोलीला कुलूप लावायचं सोडून अख्ख्या गल्लीला लावलंत." ते म्हणाले होते, "असू दे, सगळं एकत्र राहील." ती पेटी पुसायची राहूनच गेली.

ताईनं एडिटरमध्ये तो वरचा फोल्डर उघडला. एडिटर वर चढत भाऊजींच्या पेटीलाच जोडला गेला होता; भाचीच्या नोंदी ओळीनं तिथे होत्या, कालच्या संध्याकाळपर्यंतच्या. ताईनं शेवटच्या नोंदीवरून प्रकल्प परत काढला. भाचीनं तो चालवून पाहिला आणि मामाच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात पडली. आईच्या पडायचं तिला बहुतेक सुचलं नाही.

मग तिचं लक्ष गेलं. "आई, सगळ्या नोंदींवर बाबांचं नाव का आहे?"

"पेटी त्यांची. नाव त्यांनी घालून ठेवलेलं. तू बटण दाबलंस की सही त्यांची पडायची."

भाचीनं हळूच विचारलं, "बदलायचं का? बदलता येतं ना?"

"येतं," ताई म्हणाली. "पण राहू दे. वर्षभर रोज तुझ्याबरोबर बसलेत. पाठव तसंच, कॉलेजानं विचारलं तर मी बोलेन."

भाचीनं प्रकल्प पाठवला. मी ताईला ऑफिसात परत यायचं का विचारलं, ‘वर चढणं’ काढून टाकायचं तिचं अर्धवट काम तिथे तसंच उघडं होतं. ती त्या नोंदी खालून वर, वरून खाली वाचत बसली होती.

"तू जा," ती म्हणाली. "मी जरा बसते."