आरशाच्या डाव्या कोपऱ्यातलं पाणी

इथे सगळ्यांचे अनुभव मी नेहमी वाचते, लिहिते पहिल्यांदाच. शाळा आठवीत सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. एक सांगते, मी देवाला हात जोडणारी आहे, पण भास-बिस, संकेत वगैरे मला कधी पटलं नाही. आमच्या हिंगोलीकडे कुणी असं काही सांगायला लागलं की मी उठून जायची. घाबरट आहे हो मी, म्हणूनच...

ही गोष्ट २००६ ची, ऑक्टोबरातली. मामा कुडाळला नोकरीला होता, त्याच्या ओळखीतून माझं लग्न मालवणात झालं. लग्नाआधी मी समुद्र पाहिलेला नव्हता. मिस्टर, म्हणजे सुरेश, मासेमारी करतात. स्वतःची छोटी होडी आहे, मागे इंजिन लावतात तशी. सासूबाई बाजारात मासे विकतात. सासरे मी येण्याआधीच वारले होते.

त्या वर्षी आम्ही दिवाळीच्या सुट्टीत घरातली एक खोली पर्यटकांना द्यायचं ठरवलं. खोली ठीक होती, पण बाथरूमचा आरसा! खाऱ्या हवेने मागची चांदी पार खाल्लेली, काळे डागच डाग. शेजारचा बाबलो, त्याचीही होडी आहे, बघून म्हणाला, "वैनी, ह्या आरशात बगल्यार पावण्यांका वाटात, आपल्या तोंडार देवीचे फोड इले!"

नवीन आणला असता, पण आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, साफ नाही म्हटलं. सासऱ्यांनी हौसेने आणलेला आरसा, त्यातच बघून ते रोज दाढी करायचे.

मग मीच बसले. आरसा उतरवून उन्हात खडखडीत वाळवला. मागचे सुटलेले पापुद्रे जुन्या ब्लेडने हलक्या हाताने काढले. डाग होते तिथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी चकचकीत बाजू काचेकडे करून चिकटवली, चमच्याच्या पाठीने घासून घासून बसवली. कडा अगदीच गेल्या होत्या, त्यांवर लाकडी पट्ट्या मारल्या. आता मागून ओल लागू नये म्हणून रंग हवा... पडवीत डबा होता. होडीला खालून लावतात तो काळा रंग, उरलेला. दोन हात दिले. नव्यासारखा नाही, पण तोंड दिसायला लागलं.

आई बाजारातून आल्या, वासावरूनच ओळखलं. "होडयेचो रंग घराक कित्याक लावलंस गो? होडयेचा ता होडयेक!"

आमच्या घरात ही पद्धत आहे, होडीसाठी आणलेली वस्तू घरात वापरायची नाही. मला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मी रडकुंडीला आले. सुरेश मात्र हसत सुटले, "बरा झाला, आता आरसो बुडूचो नाय!" आईंनी संध्याकाळी देवापुढे नारळ ठेवला, विषय संपला.

त्याच आठवड्यातली सकाळ. सुरेश आणि त्यांचे एक मित्र पहाटेच गेले होते. समुद्र शांत, ऊन स्वच्छ. मी बाथरूम धुवायला गेले तर आरसा ओला. सकाळपासून तिथे कुणी आंघोळही केली नव्हती. पुसला. बघते तर परत... डाव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यातून बारीक धार. पुन्हा पुसला, पुन्हा आली. पट्टी चाचपली, कोरडी. आरसा काढून मागे हात फिरवला, तोही कोरडा. का कोण जाणे, बोट जिभेला लावलं. खारट! आमच्या विहिरीचं पाणी गोडं आहे हो.

आईंना हाक मारली. त्या आल्या, पाहिलं, त्यांनीही बोट जिभेला लावलं. पदर खोचला आणि थेट बाबल्याच्या दारात. मी मागून धावत.

"बाबल्या, होडी काड. सुरेशाक बग जा."

"काय झाला काकी? कोणी सांगल्यान?"

"आरशान."

तो हसायलाच लागला. "आरशान सांगल्यान म्हणान मी दर्यात जाव?"

"हसतलंस तर हस. पण होडयेत बसान हस!"

गेला बिचारा. आम्ही दोघी किनाऱ्यावर उभ्या. किती वेळ, माहीत नाही. आई माझं मनगट धरून होत्या, नंतर बघते तर वळ उठलेले.

बाबलो परत आला तेव्हा त्याच्या होडीत चार पाय जास्त होते. सुरेशच्या होडीची फळी उकलली होती, पुढच्या बाजूला, डावीकडे, खाली. इंजिन बंद पडलेलं, मोबाईलला रेंज नाही. दोघं डब्याने पाणी उपसत होते आणि पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. सुरेशच्या तळहातांची सालटी निघाली होती. बाबलो अजिबात हसत नव्हता. "आजून थोडो येळ जातो तर..." एवढंच म्हणाला.

घरी आलो तर आरसा कोरडा. नंतर कधीच ओला झाला नाही.

खारी हवा, दमट भिंत, सगळी कारणं ऐकून झाली. मग मागची बाजू कोरडी कशी? आणि नेमकी त्याच सकाळी? आई म्हणतात, सासऱ्यांनी कळवलं. बाबलो म्हणतो, होडीच्या रंगाला होडी कळली. मला अजूनही उलगडा झालेला नाही, आणि खरं सांगू, करून घ्यायचाही नाही. ज्याने कुणी कळवलं त्याचे उपकार.

आणि आईंचे. परमुलखातली, कमी शिकलेली, उठसूट घाबरणारी सून हाक मारते, आणि ही बाई "तुका भास झालो" असं एकदाही म्हणत नाही. बाबल्याने हसून घेतलं, तरी ती मागे हटली नाही.

त्या रात्री जेवायला बसलो. सुरमईची मधली तुकडी घरात कायम सुरेशच्या ताटात पडते. आईंनी ती उचलून माझ्या ताटात घातली. सुरेश बघतच राहिले.

"तू काय बगतंस?" आई म्हणाल्या. "आज सून पयली जेवतली."