मी सांगून लिहून घेतलेला माफीनामा

तो माफीनामा शब्दन् शब्द मीच सांगितला होता. निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी तो आठवला की स्वतःचाच राग येतो.

आदिलाबादजवळ गुडीहत्नूरकडच्या एका कापसाच्या जिनिंग मिलच्या मॅनेजरचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. "साहब, चोर पकड के रखी है." चोर म्हणजे मिलच्या गोदामाची किल्ली सांभाळणारी चाळिशीची बाई. तामसी गावाहून रोज बसने यायची. गोदामात सरकीची दोन पोती कमी भरली होती.

ठाण्यात ती एकच धरून बसली. "साहेब, मी नेलीच नाही, त माफी लिवून देऊ काऊन?"

"गुन्हा दाखल झाला तर कोर्टाचे खेटे घालत बसशील. लिहून दे, विषय संपला," मी म्हणालो. आपण तिच्यावर उपकारच करतोय असं मला वाटत होतं. तिने लिहिलं. मी डायरीत 'आपसात मिटले' अशी नोंद केली आणि चहा मागवला.

आठवड्याने ती परत आली, हातात बडतर्फीचं पत्र घेऊन. 'पोलीस ठाण्यात चोरी कबूल केल्यामुळे' असं कारण दिलं होतं. ना आरोपपत्र, ना चौकशी. बारा वर्षांची नोकरी एका कागदावर गेली.

"गावात चोरटी मनून राह्यले मले, साहेब," ती म्हणाली. "आता कोन ठेवन कामावर?"

तेव्हा कुठे मला तपास आठवला. मिलच्या चौकीदाराला बोलावून घेतलं.

"पोते त मालकाच्या गोठ्यात गेले," तो म्हणाला. "मॅनेजर साहेबानंच धाडले. गेट मीच उघडलं."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलंच नाही."

गेटपासवर मॅनेजरची सही निघाली. बारा वर्षं कागदाशिवाय राबलेल्या त्या बाईने महिनाभर आधी नेमणुकीचा लेखी हुकूम मागितला होता, हेही कळलं. तेव्हापासून ती मॅनेजरच्या डोळ्यांत खुपत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे दोर मीच आणून दिला होता.

प्रकरण कामगार न्यायालयात गेलं आणि मला साक्षीचं समन्स आलं. मिलच्या वकिलाने माफीनामा पुढे धरला. "हा तुमच्यासमोर लिहिला?"

"मीच सांगून लिहून घेतला. ती नाहीच म्हणत होती."

"चोरी नव्हती, तर माफी कशाला घेतली?"

आयुष्यभर मी लोकांना प्रश्न विचारत आलो होतो. आता उत्तर मला द्यायचं होतं. "तपास करावा लागू नये म्हणून."

वरिष्ठांनी नंतर चांगलीच कानउघाडणी केली. मला ती मान्य होती. बाईला परत कामावर घेण्याचा हुकूम झाला.

मिलवाले, दुकानदार ओळखीचे आहेत, सल्ला विचारतात. मी सांगतो, माणूस काढायचा असेल तर आरोप लेखी द्या, त्याचं म्हणणं ऐका, साक्षीदारांना विचारा आणि मग ठरवा. ठाण्यात आणू नका. खाकी समोर बसली की माणूस भीतीने काहीही लिहून देतो.

आदिलाबादच्या बसस्टँडवर ती कधीमधी दिसते. मिलमधली माणसं तिच्याशी आदराने बोलतात. ती माझ्याशी मात्र बोलत नाही, आणि बोल म्हणायला मला तोंड नाही.