दोष गाडीत की ड्रायव्हरात?

नवी गाडी चांगली निघाली तर माणसाकडे नुसते फोटो उरतात. हार घातलेले, पेढा भरवतानाचे, किल्ली हातात घेऊन दात दाखवतानाचे. किस्से हवे असतील तर गाडी बिघडकीच निघावी लागते! माझी निघाली. त्यानंतर बारामतीच्या त्या सर्व्हिस सेंटरच्या सोफ्यावर मी जेवढा वेळ घालवला तेवढा सासुरवाडीलाही घालवला नसेल. किस्से आपोआप साचत गेले.

तसा मी सोफ्यावर कमीच बसलो. माझ्या पायाला भिंगरी आहे, असं बायको म्हणते. पण तुम्हीच सांगा, काचेपलीकडे आपली कोरी गाडी लिफ्टवर टांगलेली, तिच्याखाली तिघेजण उभे आणि तिघेही मोबाइल बघताहेत! माणूस बसणार कसा? बाकीचे बसायचे, मी काचेपाशी येरझारा घालायचो. तिथला सर्व्हिस अॅडव्हायझर, टाय लावलेला गायकवाड, मला म्हणायचा, "सर, कॉफी घ्या ना." पाचव्या कॉफीला मी त्याला विचारलं, "गाडी दुरुस्त होत नाही म्हणून माझी झोप उडवायची ठरवलीय का?"

* * *

माझ्या गाडीचं दुखणं म्हणजे आवाज. चारही दारं लावली तरी ती "टुंग टुंग टुंग" करून दार उघडं असल्याचं सांगायची. मोरगावला गणपतीला निघालो, तर वाटेत इतक्या वेळा थांबून दारं आपटली की एका शेळ्यावाल्याने विचारलं, "घरात भांडान झालंय का?"

सर्व्हिस सेंटरच्या गेटातून आत गेलो की गाडी गप्प. मी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. गायकवाड म्हणाला, "सर, आवाज ऐकू येतोय, पण तो आपल्याच गाडीचा कशावरून?"

चौथ्या खेपेला त्यांनी पुण्याहून काहीतरी अपडेट मागवलं, गाडीत भरलं. गायकवाड हसत हसत किल्ली घेऊन आला. "सर, आता आवाज येतो का?"

मी म्हटलं, "नाही. आता दार उघडं असलं तरी येत नाही!"

* * *

सोफ्यावरचे दुसरे कायम सभासद बावड्याचे पोपटराव. डाळिंब, ऊस, दोन ट्रॅक्टर आणि ही छपरातून गळणारी नवी गाडी. गायकवाडने पाण्याची बारीक नळी लावून छप्पर तपासलं आणि म्हणाला, "गळत नाही. एसीचं पाणी असेल."

पोपटराव म्हणाले, "मग येता का बावड्याला? दावतो."

गायकवाड गेला. पोपटरावांनी गाडी उसाच्या कडेला लावली, गायकवाडला ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि रेनगन चालू केली. रेनगन म्हणजे पाण्याची तोफच. चरचर करत गोल फिरते आणि अर्धं शिवार भिजवते. पहिल्या फेरीला आरशावरून एक थेंब पडला. दुसऱ्या फेरीला गायकवाडच्या टायवर धार लागली.

पोपटराव बाहेरून ओरडले, "काय म्हंता?"

आतून आवाज आला, "थोडा दमटपणा वाटतोय!"

"आसू द्या, आसू द्या. आजून एक फेरी हू द्या. तेवढ्यात ऊस तरी भिजंल!"

पुढे ते पाणी वायरिंगमध्ये गेलं आणि एक दिवस गाडी चालूच होईना. पोपटरावांनी तिला दोर बांधला, पुढे ट्रॅक्टर जोडला आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. तेवढ्यात फोन आला. पलीकडून गोड आवाज, "सर, आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?"

"बाई, मी तुमच्याच गाडीत बसलोय आन् म्होरं ट्रॅक्टर वढतोय."

"म्हणजे गाडी चालतेय ना, सर? मग दहापैकी दहा लिहू का?"

* * *

तिसऱ्या शुभांगी वकीलबाई, इंदापूर कोर्टात प्रॅक्टिस. त्यांच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजायचा. आणि कोर्टाच्या आवारात शिरायला वळण डावीकडेच! रोज सकाळी कोर्ट सुरू व्हायच्या वेळी भोंगा. एक दिवस न्यायाधीशसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "वकीलबाई, तुम्ही हल्ली युक्तिवाद रस्त्यावरूनच सुरू करता का?"

त्या दिवसापासून बाई पुढच्या चौकातून वळसा मारून उजवीकडून यायला लागल्या. पण चिडल्याही तेवढ्याच. सोफ्यावर त्यांनी आमची शाळाच घेतली.

"परदेशात अशा गाडीला लेमन म्हणतात. लिंबू. तिथं त्यासाठी वेगळा कायदा आहे. तोच बिघाड पुन्हा पुन्हा आला आणि दुरुस्त झाला नाही, तर कंपनीला गाडी बदलून द्यावी लागते नाहीतर पैसे परत."

"आन् आपल्याकडं?" पोपटरावांनी विचारलं.

"आपल्याकडं तसा वेगळा कायदा नाही. पण ग्राहक आयोग आहे. गाडी मुळातच सदोष आहे हे सिद्ध झालं, तर आयोगही बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतो. फक्त सिद्ध आपण करायचं."

सोफ्याच्या टोकाला बसलेल्या काकू हळूच म्हणाल्या, "लिंबू आमीबी ठिवलं हुतं की चाकाखाली. मी म्हनत हुते चारी चाकांखाली ठिवा. हे म्हनले, दोन बास झाली."

आम्ही हसलो. त्यांच्या शेजारी बसलेले तात्या मात्र हसले नाहीत.

* * *

तात्यांचं सांगायचं तर जरा थांबून सांगायला पाहिजे. वडगाव निंबाळकरचे. जन्मभर एसटी चालवली आणि कधी कुणाला खरचटू दिलं नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेला, तो अजून बाहेर जायच्या शर्टाला असतो. रिटायर झाल्यावर हौसेनं गाडी घेतली.

तात्या कारही एसटीसारखीच चालवत. काकूंनी मागच्या सीटवर डावीकडे बसायचं. पुढे का नाही, तर "कंडक्टर कवा ड्रायवरशेजारी बसतो का?" काकूंनी बसून पदर सावरायचा, दार ओढायचं आणि बोटातल्या अंगठीनं काचेवर टकटक असं दोनदा वाजवायचं. डबल बेल! तोपर्यंत तात्या क्लच सोडत नसत. घाई असो, पाहुणे असोत, मागे कुणी हॉर्न मारत असो.

तर ही गाडी मध्येच बंद पडायची. भर रस्त्यात, कसलीही खबर न देता. आणि सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकने भिगवण रोडला फिरवून आणली की मक्खन! आठवडाभर ठेवून घेतली, रोज फिरवली, एकदाही बंद पडली नाही. शेवटी मॅनेजर केबिनमधून बाहेर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, गाडीत काही दोष नाही. तुमची ड्रायव्हिंग हॅबिट चुकतेय. वयाने होतं असं."

मी काचेपाशीच थबकलो. तात्यांचा चेहरा मला अजून दिसतो. किल्ली घेतली, बिल्ल्यावर हात गेला, आणि गेले.

अशा गोष्टींना पाय फुटतात. डेपोच्या कँटीनमध्ये जुने सोबती विचारायला लागले, "तात्या, आज कुठं बंद पाडली?" तात्यांनी कँटीनला जाणंच सोडलं.

वकीलबाईंनी नोटीस तयार करताना त्यांना विचारलं, "तात्या, काय मागायचं? गाडी बदलून की पैसे परत?"

तात्या म्हणाले, "त्ये तुमी कायद्यात बसंल तसं मागा. मला येकच पायजे. त्यांनी तोंडानं म्हनावं, दोष गाडीत हाय, ड्रायवरात न्हाय."

* * *

मध्ये आणखी एक झालं. तात्यांच्या भावजयीने शोध लावला की काकू बसल्या तरच गाडी बंद पडते, मेकॅनिकने एकट्याने फिरवली की पळते. भावकीत लगेच ठरलं: पायगुण!

काकूंनी ऐकून घेतलं आणि गाडीत बसायचं बंद केलं. बाजाराला एसटीने जायला लागल्या. आणि खरोखर, गाडी बंद पडायची थांबली! मॅनेजरचा फोन, "बघा काका, आता सवय सुधारली ना?"

मला कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. माझ्या फ्लेक्स-छपाईच्या दुकानातलं मशीन चालू सोडून मी वडगावला गेलो. गाडी अंगणात उभी, वर धूळ. मी म्हटलं, "तात्या, गाडी नीट चालतेय तर मग चालवत का नाही?"

तात्या उसळले. "कंडक्टरबिगर गाडी भाईर काढायची? तीस वरसं असल्या रूलनं जगलोय मी! बायकूचा पायगुण वंगाळ आसता तर माजा बिल्ला कुठनं आला आसता?"

दारात उभ्या काकू आत निघून गेल्या. भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला.

पण हे ऐकून वकीलबाई मात्र फोनवर जवळजवळ ओरडल्या. "काकू बसल्या की बंद पडते? अहो, हे आधी का नाही सांगितलं? पायगुण राहू दे बाजूला, तपासणीला काकूंना घेऊनच या!"

* * *

नोटिशीनंतर कंपनीने पुण्याहून इंजिनिअर पाठवला. संयुक्त तपासणी. इंजिनिअर स्टिअरिंगवर, मॅनेजर शेजारी, मागे मी, मध्ये तात्या. काकू बाहेरच उभ्या.

मॅनेजर म्हणाला, "सगळी गर्दी कशाला? काकूंना राहू द्या इथंच."

काकू तात्यांकडे बघत म्हणाल्या, "नगं आवो. उगं माज्यामुळं..."

"बस," तात्या म्हणाले.

काकू बसल्या. मागे, डावीकडे. इंजिनिअरने गाडी चालू केली, तसे तात्या म्हणाले, "थांबा सायेब. बेल झाली न्हाय."

काचेवर टकटक झालं. गाडी निघाली.

इंदापूरच्या दिशेने मस्त गेलो. एकही झटका नाही. इंजिनिअरने सणसरच्या पुढे गाडी वळवली आणि आरशातून तात्यांकडे बघून हसला. मॅनेजर म्हणाला, "आता कबूल ना?" माझे पाय गाडीतल्या गाडीत चुळबुळत होते. काकूंचे ओठ हलत होते, कुठल्या देवाला सांगत होत्या देव जाणे.

परतीच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टरमागे एक मोठा स्पीडब्रेकर आला. गाडी चढली, उतरली, काकू सीटवर दणकन आदळल्या, आणि इंजिन बंद.

इंजिनिअरने किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. मॅनेजर खिडकीतून ऊस बघायला लागला.

काकूंनी तोंडावर पदर घेतला. तेवढ्यात इंजिनिअर मागे वळून म्हणाला, "मावशी, जरा उतरता का?" त्या उतरल्या. किल्ली फिरवली, गाडी चालू! "आता बसा." त्या बसल्या. गाडी बंद!

मग त्याने सगळ्यांना खाली उतरवलं आणि मागची सीट उचलली. खाली पेट्रोल पंपाकडे जाणारी वायर सीटच्या पट्टीखाली चेपून सोलली गेली होती.

"ही बसवतानाच चुकीची बसवलीय," तो म्हणाला. "फॅक्टरीतूनच अशी आलीय."

"म्हंजी?" तात्यांनी विचारलं.

"सर, हे आत्ताच बोलायची काही गरज..." मॅनेजर मध्ये पडला.

"म्हणजे दोष गाडीत आहे, काका. तुमच्यात नाही."

काकूंनी वाकून त्या वायरीकडे बघितलं. "येवढीशी वायर! आन् मी रोज देवाफुडं माजाच पायगुण निस्तरत बसले." त्यांना रडू आलं. तात्यांनी नुसता खांद्यावर हात ठेवला.

उघड्या वायरीने गाडी हलवायची नाही, टोइंग येईपर्यंत थांबा, असं इंजिनिअर म्हणाला. त्याला आणि मॅनेजरला मात्र बारामतीला परतायची घाई होती. मी टोइंगची वाट बघत रस्त्याकडेला येरझारा सुरू केल्या. तेवढ्यात मागून इंदापूर-बारामती एसटी आली. काकूंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि रस्त्याच्या मधोमध हात आडवा केला.

एसटी थांबली. ड्रायव्हर डेपोतलाच. खिडकीतून डोकं काढून ओरडला, "तात्या! परत बंद पाडली व्हय?"

सगळी एसटी खिडक्यांना आली.

तात्यांनी शर्टावरचा बिल्ला सरळ केला. "म्या न्हाय गड्या. ह्या सायबांनी!"

काकूंनी दोघा साहेबांना दारापर्यंत नेलं आणि कंडक्टरला सांगितलं, "ब्रेकडाऊन गाडीचं प्याशिंजर हायती बाबा. दोन. बारामती. नीट उतरीव."

"आन् तुमी दोघं?" कंडक्टरने विचारलं.

"ड्रायवर-कंडक्टर गाडी सोडून जात न्हायती," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी एसटीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.