अक्कानं परत घेतलेली आठवण

कलबुर्गीला मानसशास्त्रात एम.ए. करत असताना मला प्रबंधाचा विषय सापडला आणि आठवडाभर माझे पाय जमिनीवर ठरेनात. आमच्या घरी आई मराठीत रागावते, बाजारात कन्नडमध्ये भाव करते आणि थट्टा मात्र दख्खनी उर्दूत. मला लहानपणापासून वाटायचं, या तीन वेगळ्या बायका आहेत. मग एखाद्यानं एकच आठवण आज कन्नडमध्ये सांगितली आणि पंधरा दिवसांनी मराठीत सांगितली, तर ती तीच राहील का?

मार्गदर्शक मॅडमना विषय आवडला. त्यांनी एकच ताकीद दिली. "संमतीपत्र वाचून दाखव, सही घे, आणि काय समजलं ते त्यांच्या तोंडून ऐक." पहिल्या दोन गोष्टी मी केल्या.

यादीत पहिली होती अक्का. मुडबीच्या बाजूचं तिचं गाव. त्याचं नाव मी सांगणार नाही, आणि तिचा धंदाही बदलून सांगते. शिवणाचा क्लास चालवायची असं धरा. कन्नडमध्ये तिनं एक जुनी गोष्ट सांगितली, चारेक मिनिटांत, हसत हसत. पंधरा दिवसांनी मराठीत तीच गोष्ट पाऊण तास चालली. तिच्यात असं काही आलं, जे कन्नडमध्ये आलंच नव्हतं. अक्का रडायला लागली. आणि मी? मी फोनवर रेकॉर्डिंग चालू आहे ना, ते बघत होते. परतीच्या बसमध्ये मैत्रिणीला मेसेज टाकला, "सापडलं!"

तिसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला.

"पोरी, मी बोलले ते कुठं जायलंय?"

"कुठंच न्हाई, अक्का. प्रबंधात तुमचं नाव येणार न्हाई."

"नाव कशाला लागतंय? गावात शिवणाचे क्लास किती हायत?"

मॅडमकडे गेले ते, त्या म्हणतील 'समजाव तिला,' या आशेनं. त्यांनी विचारलं, "आपलं बोलणं परत घेता येतं, हे तिला माहीत आहे?"

"फॉर्ममध्ये आहे, मॅडम."

"फॉर्मला माहीत आहे. तिला आहे का?"

फॉर्ममधलं वाक्य होतं, सहभागी व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर कारण न देता माघार घेण्याचा अधिकार आहे. ते मी पेनाचं टोपण काढता काढता वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप, वही सगळं घेऊन गावी गेले. अक्का मशीनवर बसली होती. मी समोर सतरंजीवर बसले आणि आपल्या बोलीत सांगितलं, "अक्का, तुमी जे बोललात ते तुमचंच हाय. नको वाटलं तर परत मागा. कामून, ते मी इचारणार न्हाई."

तिनं पाय थांबवला. "परत? दिलेलं परत?"

"व्हय."

"आनि तुजं कॉलेज?"

"कॉलेजचं मी बघते."

तिनं मशीनवरचं कापड बाजूला सारलं. मला मनातून वाटत होतं, एखादं वाक्य काढायला सांगेल.

"मग दे परत," ती म्हणाली.

"कन्नडमधलं तरी ठेवू का?"

"न्हाई. दोनी दे."

फोनवरचं पुसायचं बटण तिनं स्वतःच्या बोटानं दाबलं. लॅपटॉपवरचं मी तिच्यासमोर पुसलं. वहीची पानं फाडून दिली, ती तिनं घडी करून मशीनच्या खणात टाकली.

"आता तुज्या डोक्यातलं?"

"ते निघत न्हाई, अक्का. पण बाहेर पडणार न्हाई."

"बरं," म्हणाली, आणि एकदम हसत सुटली. दारात जाऊन तिनं शेजारच्या बायकांना हाक मारली. "अगं, या गं! ही पोरगी बोललेलं परत द्यायलीय!"

मग जे झालं ते आठवलं की आजही मी आनंदानं उठून फेऱ्या मारायला लागते. सहा जणी सतरंजीवर गोळा झाल्या. एकीनं नुसतं पुसून बघण्यासाठी फोनमध्ये दोन वाक्यं बोलून घेतली. पुसल्यावर टाळी वाजवली. दुसरी म्हणाली, "मी सांगते, पन सासरचं वगळून." तिसरीला दख्खनीतच सांगायचं होतं, कारण शिव्या तिला त्याच भाषेत चांगल्या येत होत्या. मधेच कुणीतरी ओरडायची, "हे खोड!" मी खोडायची. जितकं खोडलं जाई, तितक्या त्या मोकळ्या बोलत. पंधरा दिवसांनी मी दुसऱ्या भाषेसाठी गेले, तेव्हा सहाच्या सहा जणी माझ्याआधी येऊन बसल्या होत्या.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "क्रमांक एक कुठाय?"

"परत घेतला, सर."

"काय होतं त्यात?"

"ते सांगता येणार नाही."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

निकाल कळला तेव्हा मी आधी अक्काला फोन लावला. "पास झाले!"

"माज्याबिगर?"

"तुमच्याबिगर."

ती इतकी मोठ्यानं हसली, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.