सगळे मणी ओवलेले

बुधवार, १२ जानेवारी १९९४, जळगाव. सोनोग्राफीला हजर: सात बायका, दोन सासवा आणि यादी लिहायला मी.

चौथा नंबर चोपड्याकडच्या बाईचा. पूर्ण नाव विचारलं तर खाली चहाला गेलेल्या नवऱ्याचं नाव घ्यायला लाजली. "त्या चहा पीसन येतीन, त्यास्लेच इचारा, अक्का."

तिचं पहिलं बाळ पाठीचा मणका उघडा घेऊन आलं आणि आठवड्यात गेलं. हे सांगताना ती गळ्यातल्या पोतीचा एकेक मणी बोटाने सरकवत होती.

आत टेबलावर झोपताच म्हणाली, "पोऱ्या का पोर, ते नका सांगू, डाक्टर. बठ्ठा मणी ओवेल शेतस का, इतलंच सांगा."

डॉक्टरांनी पडद्यावर बाळाची पाठ मानेपासून खालपर्यंत दोनदा पाहिली. "सगळे ओवलेले आहेत, ताई. एकही सुटा नाही."

ती इतकी हसली, की पडद्यावरचं बाळही हलायला लागलं. बाहेर येऊन तिने पिशवीतले केळीचे वेफर्स आख्ख्या रांगेला वाटले, मलाही मूठभर दिले आणि नवऱ्याला गाठायला जिना उतरून गेली.

वेफर्स खाण्याच्या नादात मी विचारायचं विसरले. चार नंबरपुढचा नावाचा रकाना अजून भरायचा आहे.